कॉर्टिसॉल वाढलंय म्हणून उदास वाटतंय, की उदास आहे म्हणून कॉर्टिसॉल वाढलंय?

मधली_सुट्टी | ३ फेब्रुवारी, पहाटे ४:१७

वेळेवरूनच अंदाज आला असेल. गेले तीन-चार महिने साडेतीनला जाग येते, गजर लावल्यासारखी. मग सहापर्यंत छताकडे बघत पडायचं.

ऑफिसतर्फे रक्ततपासणीचं एक पॅकेज होतं, साठ-सत्तर चाचण्यांचं. बाकी सगळं ठीक, फक्त कॉर्टिसॉल २७.४ आलं. रेंज ५ ते २५ दिलीय आणि पुढे ठळक अक्षरात 'हाय'. गूगल केलं ती चूकच झाली. आता मोबाईल उघडला की कॉर्टिसॉलच्याच रील्स. म्हणे चेहरा सुजतो, पोट सुटतं, उठल्यावर दीड तास चहा घ्यायचा नाही. (हे सांगणाऱ्यांच्या घरी सकाळचे डबे कोण करतं देव जाणे.)

थोडी पार्श्वभूमी. वय ४१, नाशिक, पतसंस्थेत नोकरी. सासूबाईंना चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालंय. यजमानांची शिफ्ट ड्युटी, मुलगा दहावीला. गच्चीत माझ्या चाळीसेक कुंड्या होत्या. दिवाळीनंतर निम्म्या वाळल्या आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. ते काहीच न वाटणं मला जास्त खटकलं.

हे हार्मोन खाली आणलं की बरं वाटेल का? कुणाला अनुभव?

गवती_चहा | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ताई, अश्वगंधा सुरू करा डोळे मिटून. रात्री दुधातून. माझ्या नणंदेचं कॉर्टिसॉल दोन महिन्यांत उतरलं. शिवाय अनुलोम-विलोम.

आजोबा_सदाशिवपेठी | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

आमच्या आईने सहा मुलं, दोन दीर आणि एक अंथरुणाला खिळलेली सासू असा संसार केला. तिचं कॉर्टिसॉल कुणी मोजलं नाही आणि तिला डिप्रेशनही आलं नाही. हल्ली मोजतात म्हणून येतं. राग मानू नये.

कोपऱ्यातली_खुर्ची | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

काका, आलं नाही की कुणी विचारलं नाही? माझी आजी दर पावसाळ्यात 'डोकं धरलंय' म्हणून आठ-आठ दिवस माजघरात पडून असायची. घरात त्याला पित्त म्हणत.

मधली_सुट्टी, माझा अनुभव उलटा आहे. २०१९ मध्ये मला चांगलंच डिप्रेशन होतं, गोळ्या आणि समुपदेशन मिळून वर्षभर उपचार चालले. ऐन वाईट दिवसांत कॉर्टिसॉल तपासलं होतं, ते अगदी नॉर्मल आलं. तो रिपोर्ट बघून मला वाटलं, म्हणजे मी नाटकं करतेय की काय! तेव्हा त्या आकड्याला फार जवळ करू नका.

ग्रंथीवाला | ३ फेब्रुवारी, दुपारी २:४०

हार्मोनचा डॉक्टर आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण तीन प्रश्न विचारतो. रक्त किती वाजता दिलं? पाळीसाठी किंवा गर्भनिरोधनासाठी कुठली हार्मोनची गोळी चालू आहे का? दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, त्वचेचं मलम, यांपैकी काही?

तोवर कॉर्टिसॉलबद्दल थोडं. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीला निरोप देते आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात येतं. ॲड्रिनॅलिन वेगळं. ते काही क्षणांत येतं, छाती धडधडवतं आणि जातं. कॉर्टिसॉल मिनिटांच्या हिशोबाने चढतं. साखर उपलब्ध करून देतं, रक्तदाब सांभाळतं, सूज आवरतं. ते नसेल तर माणूस जगत नाही, त्यामुळे त्याला खलनायक करणाऱ्या रील्स बघून माझंच ॲड्रिनॅलिन वाढतं.

आता महत्त्वाचं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की ते स्वतःच मेंदूत जाऊन सांगतं, 'पुरे, आता बंद करा.' गच्चीवरच्या टाकीत बॉल असतो ना, पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि नळ बंद होतो, तसंच. तीव्र नैराश्याच्या काही रुग्णांत हा बॉल अडकल्यासारखा होतो. पुरेसं कॉर्टिसॉल असूनही नळ चालूच राहतो. 'काही रुग्णांत' हे दोन शब्द मात्र अधोरेखित करून वाचा.

शिवाय कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. पहाटेपासून चढतं, उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखरावर जातं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. म्हणून सकाळच्या एका आकड्यावरून 'तुमचा ताण किती' हे सांगणं म्हणजे मुंबईत सकाळी नऊला दादर स्टेशनचा एक फोटो काढून शहराची लोकसंख्या सांगण्यासारखं आहे.

मधली_सुट्टी | ३ फेब्रुवारी, रात्री ११:२०

रक्त सव्वाआठला दिलं. सासूबाईंचं आवरून धावतपळत गेले होते. आणि हो, पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी आठ महिने चालू आहे, गर्भनिरोधकच असते तीच. त्याचा काय संबंध?

ग्रंथीवाला | ४ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

संबंध थेट आहे. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल एका प्रथिनाला चिकटून फिरतं. काम करतं ते उरलेलं, मोकळं कॉर्टिसॉल. गोळीतलं इस्ट्रोजेन ते प्रथिन वाढवतं. नेहमीची चाचणी चिकटलेलं आणि मोकळं असं सगळं मिळून मोजते, म्हणून आकडा फुगतो. बसमध्ये सीटं वाढली म्हणून बसलेले वाढले, दाराला लटकणारे तेवढेच राहिले. तुमचं २७.४ बहुधा गोळीचं आहे. नक्की बघायचंच असेल तर ती गोळी पाच-सहा आठवडे थांबवून परत तपासतात, पण तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. मला तरी त्याची घाई दिसत नाही. दंडावर-मांडीवर सहज काळेनिळे डाग, पोटावर रुंद जांभळे पट्टे, जिन्यावरून चढताना मांड्यांत जोर नसणं, नव्याने लागलेला मधुमेह किंवा बीपी, असं काही असेल तर सांगा. तो कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल खरोखरच अती झाल्याचा आजार असतो आणि त्याचा तपास वेगळ्या तऱ्हेने होतो.

पण ताई, आकडा खोटा निघाला तरी साडेतीनची जाग खरी आहे. वाळलेल्या कुंड्याही खऱ्या आहेत.

मधली_सुट्टी | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

यातलं काहीच नाही. शेवटचं वाक्य वाचून स्वयंपाकघरात रडले. बऱ्याच दिवसांनी.

जुनं_कपाट | ४ फेब्रुवारी, दुपारी १:३३

धागा छान चाललाय, थोडा इतिहास टाकतो. कंटाळा आला तर पुढे जा.

'स्ट्रेस' या शब्दाला आजचा अर्थ चिकटवण्यात हान्स सेली या संशोधकाचा मोठा वाटा. माँट्रियलमध्ये हा गृहस्थ उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होता, नवं हार्मोन शोधायला. उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी सुजल्या, छातीतली थायमस नावाची ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले. त्याला वाटलं, घबाड मिळालं! मग फॉर्मॅलिन टोचलं तरी तेच, थंडीत ठेवलं तरी तेच. म्हणजे हार्मोन वगैरे काही नाही, हा शरीराचा छळाला दिलेला सरसकट प्रतिसाद आहे. १९३६ मध्ये 'नेचर'मध्ये छोटंसं टिपण आलं. (याच सेलीने पुढे तंबाखू कंपन्यांचे पैसे घेतले आणि धूम्रपानाऐवजी ताणाकडे बोट दाखवायला त्यांना मदत केली. 'सगळं ताणामुळे होतं' हे वाक्य तेव्हापासूनच कुणाच्या तरी सोयीचं आहे.)

दुसरा किस्सा डेक्सामेथासोनचा. ग्रंथीवाल्यांनी सांगितलेला टाकीचा बॉल अडकलाय का, हे बघायची युक्ती. रात्री अकराला १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची. हे बाहेरून दिलेलं स्टेरॉईड बघून मेंदूने नळ बंद करायला हवा. दुसऱ्या दिवशी कॉर्टिसॉल तरीही वर असेल तर बॉल अडकलेला. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि मनोविकारतज्ज्ञांना वाटलं, अखेर आपल्यालाही एक रक्ततपासणी मिळाली. काही वर्षांतच हवा गेली. तीव्र नैराश्याच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांतही ती नॉर्मल येई, आणि स्मृतिभ्रंश, दारू सोडतानाचा काळ, झपाट्याने उतरलेलं वजन यांत नैराश्य नसतानाही बिघडे. आज ती चाचणी कुशिंगसाठी वापरतात, नैराश्यासाठी नाही.

गवती_चहा | ४ फेब्रुवारी, दुपारी ३:०२

मग अश्वगंधेने नणंदेला गुण आला तो काय भास?

ग्रंथीवाला | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४८

भास कशाला म्हणू? लहान-लहान चाचण्यांत अश्वगंधेने कॉर्टिसॉल थोडं उतरल्याचं दिसलंय. पण कॉर्टिसॉल उतरलं म्हणजे नैराश्य उतरलं, हेच तर सिद्ध होत नाहीये. औषध कंपन्यांनी याच साखळीवर नेम धरून नैराश्यावर औषधं काढायचा प्रयत्न केला. अगदी वरचा निरोप अडवणारी औषधं झाली, कॉर्टिसॉलचा दरवाजा अडवणारं मिफेप्रिस्टोन झालं. मोठ्या चाचण्यांत नैराश्यासाठी पदरात फारसं पडलं नाही. मिफेप्रिस्टोन शेवटी २०१२ मध्ये अमेरिकेत कुशिंगच्या रुग्णांच्या साखरेसाठी मंजूर झालं.

अश्वगंधेने क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर गोंधळ होऊ शकतो. तेव्हा 'डोळे मिटून' तेवढं मागे घ्या.

गवती_चहा | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०५

घेतलं मागे. अनुलोम-विलोम ठेवू का? 🙂

ग्रंथीवाला | ४ फेब्रुवारी, रात्री १०:०७

ठेवा.

आजोबा_सदाशिवपेठी | ५ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

रात्री धागा पुन्हा वाचला. परवा मी जरा फटकळ लिहिलं.

२०१६ साली मला फुप्फुसाच्या आजारासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज ६० मिलिग्रॅम. पहिल्या आठवड्यात मी पहाटे तीनला उठून ट्रंका आवरत होतो, चाळीस वर्षांपूर्वीच्या मित्रांना पत्रं लिहीत होतो. सौ. म्हणाली, तुम्हाला काय अंगात आलंय का? पुढे डोस उतरवत आणला तसा मी पार बसलो. जेवण नको, पेपर नको, नातीचा फोन नको. महिनाभर एक विचार मनात यायचा, तो इथे लिहीत नाही. कुणाला सांगितलंही नव्हतं, आज सांगतोय. तेव्हा माझ्या संसाराला कसलाही ताण नव्हता. फक्त गोळी होती.

ग्रंथीवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काका, तुमच्या या प्रतिसादाने माझं अर्धं व्याख्यान वाचलं.

कॉर्टिसॉलच्या कुळातली औषधं मन ढवळून काढतात हे ती आली तेव्हापासून माहीत आहे. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन दिलं, खिळलेली माणसं चालू लागली, १९५० मध्ये नोबेल मिळालं. त्याच रुग्णांत अतिउत्साह आणि भ्रमही दिसले. बॉस्टनमधल्या १९७२ च्या नोंदींत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेड्निसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्क्यांना मानसिक त्रास झाला, ८० च्या वर घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्क्यांना. कुशिंगच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना नैराश्य येतं, आणि मूळ आजार बरा केला की बहुतेकांचं मन सावरतं. म्हणजे हार्मोनमुळे उदासी येऊ शकते, यात शंका नाही. पण म्हणून प्रत्येक उदासीमागे हार्मोन असतं असं नाही. काही प्रकारांत, जिथे माणूस खूप झोपतो, खूप खातो, हातपाय शिशाचे होतात, तिथे कॉर्टिसॉल उलट कमीच सापडतं.

आणि स्टेरॉईड स्वतःहून एकदम बंद करू नये, हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. बाहेरून मिळत राहिलं की ॲड्रिनल झोपी जाते. तिला उठायला वेळ द्यावा लागतो.

कोपऱ्यातली_खुर्ची | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

आजोबा, लिहिलंत ते फार बरं केलंत. तो विचार परत कधी डोकावला तर इथे या, नाहीतर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस. मराठीत बोलतात, चोवीस तास, फुकट.

वऱ्हाडी_ठेचा | ५ फेब्रुवारी, दुपारी १२:४५

सगळं वाचून राहिलो बाप्पा दोन दिवसांपासून. मी अमरावती जिल्ह्यातला. माह्या मोठ्या भावाले दोन वर्षं झोप नव्हती. कापूस गेला, मंग बँकेचं झेंगट. त्याले कोनी कॉर्टिसॉल नाही मोजलं, पन आमच्या गावात एक बाई येत जाय, पारावर बसून इचारे, 'भाऊ, झोप लागते का? जेवन जाते का?' आमी हसलो पयले. मंग भाऊ तिच्यासंगं बोलाले लागला. घरच्याईसंगं जे बोलला नाही ते. मले आजही समजत नाही तिनं काय जादू केली. गोयी-औषध नंतर आलं, जिल्ह्याच्या दवाखान्यातून.

रापण | ५ फेब्रुवारी, रात्री ८:२२

वऱ्हाडीभाऊ, जादू नव्हे, त्याचा रीतसर अभ्यास झालाय. आणि तो आमच्या गोव्यातून सुरू झाला म्हणून मिशीला पीळ देऊन सांगतो.

इथल्या 'संगत' संस्थेने आणि विक्रम पटेल वगैरे मंडळींनी असा विचार केला, की मनोविकारतज्ज्ञ मूठभर, रुग्ण गावोगाव, मग जवळच्याच साध्या माणसांना शिकवलं तर? मानसशास्त्राची पदवी नसलेले समुपदेशक तयार केले. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर चाचणी झाली, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशनवाल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या पट्टीखाली आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९ टक्के. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. विदर्भातल्या गावांतही तशाच धर्तीवर काम झालं, अमरावती जिल्ह्यातच. तुमच्या पारावरची बाई त्यातलीच की आशाताई, ते मला ठाऊक नाही.

त्या भेटींत काय करतात? बालपण उकरत नाहीत. 'मन झालं की करीन' हे उलटं करतात. आधी लहानसं काहीतरी करायचं, ठरल्या वेळी, मन नसलं तरी. मन मागून येतं. दिवसाची वही ठेवतात, कशानंतर जरा हलकं वाटलं आणि कशानंतर जड. आणि अडचणी सोडवायला बसतात, खऱ्याखुऱ्या. रेशनकार्डाची सुद्धा.

जुनं_कपाट | ५ फेब्रुवारी, रात्री ११:१५

रापण, +१. यावरून लंडनच्या कँबरवेलचं काम आठवलं. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस, १९७८. त्यांनी घरोघरच्या बायकांशी बोलून शोधलं, की मोठा आघात झाल्यावर कुणाला नैराश्य येतं आणि कुणाला नाही. चार गोष्टी पुढे आल्या. मन मोकळं करावं असं जवळचं माणूस नसणं, चौदा वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं घरात असणं, घराबाहेरचं काम नसणं, अकरा वर्षांच्या आत आई गेलेली असणं. पहिली सगळ्यांत ठळक. नोकरी चक्क कवचासारखी निघाली. आपल्याकडे घरात आजारपण आलं की पहिला सल्ला येतो, 'सोड ती नोकरी.'

माझं मत विचाराल तर या संबंध धाग्यात ताईंच्या कामाचं यापेक्षा दुसरं काही नाही. हार्मोन हा मधला निरोप्या. ओझं कधी उतरतच नाही आणि उतरवून घ्यायला कुणी नाही, हा निरोप तो चौदा महिने देतोय. त्यालाच गोळी घालून काय होणार?

ग्रंथीवाला | ६ फेब्रुवारी, सकाळी ७:०२

कपाटराव, थोडी दुरुस्ती. निरोप्या दीर्घकाळ धावला तर वाट खराब करतो. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात कॉर्टिसॉलचे ग्राहक, म्हणजे ते पकडून घेणाऱ्या जागा, भरपूर असतात, ब्रूस मॅक्युएन यांनी १९६८ मध्ये दाखवलं. स्मृतीचं हे केंद्र, आणि तोच नळ बंद करायलाही मदत करतो. प्राण्यांत सततच्या ताणाने तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. म्हणजे बॉलच गंजतो. मॅक्युएन यांचाच मुद्दा असा, की ताणापेक्षा त्याची न संपणारी झीज घातक. बाकी सगळं मान्य.

ताई, माझं सांगणं एवढंच. पहाटेची ठरावीक वेळची जाग आणि कशातच रस नसणं ही दोन लक्षणं एकत्र असली तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. जाताना हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ चे रिपोर्ट न्या. पॅकेजमध्ये असतीलच. आणि पाळीची गोळी चालू आहे हे तिथेही सांगा, काही जणींना तिचाही मनावर परिणाम जाणवतो.

गवती_चहा | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

आणि दीर-नणंदा कुठे आहेत सगळे? चौदा महिने एकटी करतेयस की काय?

मधली_सुट्टी | ६ फेब्रुवारी, रात्री ११:५०

एक दीर आहेत, पुण्यात. ते दर महिन्याला पैसे पाठवतात. आजवर मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. 'तुम्ही आहात म्हणून निश्चिंत आहे वहिनी' म्हणतात. ते वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, का ते या धाग्यावर कळलं.

मधली_सुट्टी | २७ फेब्रुवारी, रात्री १०:१४

अपडेट विचारणाऱ्यांसाठी.

डॉक्टरांकडे गेले. रिपोर्टचा तो लाल आकडा त्यांनी बघितला, गोळीचं नाव विचारलं आणि ग्रंथीवाल्यांनी सांगितलं तेच सांगितलं. कॉर्टिसॉल परत तपासलं नाही. नैराश्याची गोळी सुरू झालीय, दोन-तीन आठवडे धीर धरा म्हणाले. पहिल्या आठवड्यात मळमळ होती, आता नाही. दर बुधवारी एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्यांनीही वही दिलीय, रापण.

दिरांना मी फोन केला नाही, यजमानांनी केला. जरा वादावादी झाली. शेवटी जाऊबाई स्वतः आल्या, आठ दिवस राहिल्या. त्या म्हणाल्या, मला यायचंच होतं, पण तुम्ही सगळं इतकं चोख करता की आपली लुडबूड नको वाटायची. आता महिन्यातले दहा दिवस सासूबाई पुण्याला. उरलेल्या दिवसांत रात्रीसाठी ब्यूरोतून एक बाई येतात. महाग पडतं, पण दिरांचे पैसे तिकडे वळवलेत.

जाग अजून येते. काल पाच वाजता आली. वहीत लिहिलंय, 'पाच, कुंड्यांना पाणी, चहा.' चहा लगेचच घेतला.

वऱ्हाडी_ठेचा | २७ फेब्रुवारी, रात्री १०:४०

पाच म्हंजे आमच्या इकडं उशीरच झाला ताई!

आजोबा_सदाशिवपेठी | २८ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

कुंड्यांत काय लावलंय?

मधली_सुट्टी | २८ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

सध्या नुसती कोथिंबीर. धने रगडून टाकलेत, अजून वर काही आलं नाही.